हिचं आज काय काम?

‘उद्या नळी काढून टाकू,’ डॉक्टर शिवपुत्रला म्हणाले. पंधरा दिवस तो या माणसाच्या तोंडाकडे डोळे लावून बसला होता. पंधरा दिवसांत त्या तोंडातून ‘बघू’, ‘आत्ताच काही सांगता येत नाही’, ‘तुम्ही जरा बाहेर बसा’ यापलीकडे काही निघालं नव्हतं. आज चांगलं निघालं, तर याला खाटेचा गज धरावा लागला. खाटेवर निंगव्वा, त्याची बायको, उताणी पडलेली होती. धनुर्वाताच्या पेशंटला उजेड सोसत नाही म्हणून खिडकीला काळं कापड लावलेलं. त्या अंधुक खोलीत तिच्या गळ्याच्या खळगीत बसवलेली धातूची नळी तेवढी चमकत होती. नळीच्या तोंडावर ओल्या गॉजचा तुकडा होता. तो आत ओढला जाई, मग बाहेर फुगे. आत, बाहेर. पंधरा दिवस शिवपुत्रने दुसरं काही पाहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल.

‘उद्या नको,’ तो म्हणाला.

‘का?’

‘उद्या अमावस्या हाय.’

हे आपण कुठून काढलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तो पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होता. हातात माणसाच्या छातीइतकी उंच लोखंडी चावी घेऊन पहाटे पाचला निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, चावी आत घालून फिरवायची आणि एकेका पेठेला पाणी सोडायचं. अठरा वर्षं तो हेच करत आला होता. अठरा वर्षांत कितीतरी अमावस्या आल्या नि गेल्या, त्याने एकदाही कुठली पेठ कोरडी ठेवली नव्हती. ठेवली असती तर बाळीवेशीतल्या बायकांनी घागरींसकट त्याच्या दारात येऊन त्याची शोभा केली असती. अमावस्या, पौर्णिमा, संकष्टी हे सगळं घरात निंगव्वाचं खातं. तिने सांगितलं की हा मान डोलवायचा आणि विसरून जायचा. आणि आज चारचौघांत, शिकल्यासवरल्या डॉक्टरपुढे, तो अमावस्येच्या आड जाऊन उभा राहिला होता.

सिस्टर बाळाबाई पलीकडे उभ्या होत्या. बुटक्या, जाड भिंगांच्या, करमाळ्याकडच्या. गळ्यात बारीक क्रूस. त्यांची एक सवय या वॉर्डात सगळ्यांना पाठ होती, नव्या डॉक्टरांना तर तिचा वैतागच यायचा. पेशंटच्या अंगात कुठलीही नळी गेली की बाळाबाई चिकटपट्टीच्या तुकड्यावर तारीख लिहून तो खाटेच्या गजाला चिकटवत. निंगव्वाच्या गजाला आधी चार पट्ट्या होत्या. गळ्यातली नळी, घोट्याच्या शिरेतली सलाइनची, नाकातून पोटात गेलेली आणि लघवीची. रोज सकाळी डॉक्टर आले की बाळाबाई एकेका पट्टीवर बोट ठेवून हळू आवाजात वार सांगत, कितवा दिवस ते सांगत आणि विचारत, ‘हिचं आज काय काम?’ डॉक्टरला उत्तर द्यावंच लागे. उत्तर नसलं की ती नळी त्याच दिवशी बाहेर. अशी पाचव्या दिवशी लघवीची गेली, नवव्या दिवशी घोट्याची, तेराव्या दिवशी नाकातली. आता एकच पट्टी उरली होती.

‘आज गुरुवार, पंधरावा दिस,’ बाळाबाई म्हणाल्या. ‘झटके थांबून चार दिस झालं. डॉक्टरसाहेब, हिचं काम संपलंय म्हणून तुमीच म्हणालात की आत्ता.’

‘हो, पण घरच्यांचं मन नसताना...’ डॉक्टर थांबले. पोरसवदा माणूस. मागच्या महिन्यात अशाच एका पेशंटची नळी काढली, दुसऱ्या दिवशी तो पेशंट गेला आणि त्याच्या माणसांनी ‘मुहूर्त न बघता काढली’ म्हणून वॉर्ड डोक्यावर घेतला, हे शिवपुत्रने बाहेरच्या बाकावर ऐकलं होतं. डॉक्टरच्या मनात आत्ता तेच आलं असणार. आलं तर बरंच, असं शिवपुत्रला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही वाटली.

बाळाबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. ‘आमच्यात काय अमावस्या बघत न्हाईत. खरंच उद्या हाय व्हय?’

तो काही बोलायच्या आत त्या निंगव्वाकडे वळल्या. निंगव्वाचा जबडा अजून आवळलेला होता, मान ताठ, आणि गळ्यात नळी असल्यामुळे आवाज नव्हताच. पण शुद्ध पहिल्या दिवसापासून लख्ख. या रोगाचं हेच भयंकर. सगळं अंग लाकूड होतं आणि आत माणूस टक्क जागा असतो. बाळाबाईंनी तिला खूण शिकवली होती. हो असेल तर पापणी एकदा मिटायची, नाही असेल तर दोनदा.

‘काय गं निंगव्वा, उद्या अमावस्या हाय का?’

निंगव्वाने शिवपुत्रकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकदा पापणी मिटली आणि उघडली ती उघडीच ठेवली.

‘ठीक आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण उद्या रात्री मी पुण्याला जातोय, शनिवार-रविवार नाही. म्हणजे सोमवारी. शिवपुत्र, एक लक्षात घ्या. ही नळी परकी वस्तू आहे. ती नव्हती तर बाई जगली नसती, हे खरं. पण गरज संपल्यावर राहिलेला प्रत्येक दिवस जंतूंचा.’

शिवपुत्रने मान डोलवली, घरी तिथी ऐकताना डोलवायचा तशीच. बाळाबाईंनी पट्टीवरून बोट काढलं आणि त्या शेजारच्या खाटेकडे गेल्या.

तो बाहेरच्या बाकावर येऊन बसला. अमावस्या खरीच निघाली, याचं त्याला आधी नवल वाटलं आणि मग धीर आला. देवानेच तोंडातून वदवलं म्हणायचं. पण भीती कशाची होती, ते तो कोणाला सांगणार? ती सांगायची तर पंधरा दिवस मागे जावं लागलं असतं, त्या पहिल्या गुरुवारच्या दुपारपर्यंत. आदल्या दिवशी, बुधवारी, निंगव्वाला इथे आणलं होतं. त्या दिवशी पौर्णिमा, तिचा उपास. दोन दिवस तोंड उघडत नाही म्हणत होती, हा म्हणाला दाढ असेल. मग भाकरी थापता थापता ती मागे धनुष्यासारखी वाकली. आठवडाभरापूर्वी परड्यात तिचा पाय कापला होता. घागर ठेवायला म्हणून यानेच कामावरून जुन्या पाइपाचं एक गंजकं कडं आणून ठेवलं होतं, त्याच्यावर. ‘एवढ्याशा खरचटण्याला काय होतंय,’ असं त्या दिवशी म्हणालाही हाच. तिने हळद दाबली होती आणि कडं उचलून तुळशीमागे ठेवलं होतं, पुन्हा कोणाला लागू नये म्हणून. त्याला ती एका शब्दाने बोलली नव्हती. एरवी मिठाच्या खड्यावरून ती घर डोक्यावर घ्यायची. मोठ्या गोष्टीत मात्र गप्प बसायची, पहिल्यापासूनच.

त्या गुरुवारी दुपारी झटके एकाला एक लागून आले. कुणी बादली ठेवली तरी झटका, कुणी दार ओढलं तरी झटका. तिचा चेहरा जांभळा झाला, मग काळा. आणि श्वास थांबला. कमी झाला नाही, अडकला नाही, थांबला. शिवपुत्रने आयुष्यात हजार वेळा पाणी बंद केलं होतं. बंद झालेलं त्याला कळायचं. डॉक्टरने तिच्या गळ्यावर सुरी ठेवली तेव्हा याला बाहेर काढायचं कुणाला सुचलंच नाही, आणि हा दाराला चिकटून उभा राहिला. गळ्यातल्या लिंगाचा दोरा आड येत होता. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे ते लिंग तिच्या अंगावरून जन्मापासून उतरलं नव्हतं. बाळाबाई एका हाताने दोरा धरून म्हणाल्या, ‘दंडाला बांधते, चालंल?’ एवढ्या घाईतही त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला की नाही, हे आठवत नाही. दोरा दंडाला गेला, गळ्यात नळी गेली, आणि सर्रर्र असा आवाज झाला.

तो आवाज त्याला ओळखीचा होता, म्हणून तर तो हादरला. आठ दिवस कोरड्या पडलेल्या लाइनीला पाणी सोडलं की आधी नळातून हवा येते. खोकत, फसफसत, थुंकत येते. बायका घागरी मागे घेतात, पोरं हसतात. आणि त्या हवेमागे पाणी असतं. तसा तो आवाज होता. निंगव्वाच्या गळ्यातून, तोंडातून नव्हे, नाकातून नव्हे, एका चांदीच्या बोटभर नळीतून तिचा श्वास आत-बाहेर करायला लागला आणि चेहऱ्यावरचा काळा रंग उतरत गेला. बावीस वर्षं ही बाई त्याच्या शेजारी श्वास घेत होती. तो त्याने कधी पाहिला नव्हता. आता तो दिसत होता. गॉजचा तुकडा आत जाई, बाहेर येई. माणूस म्हणून जे काही असतं, तिचं कानडी बोलणं, ओरडणं, कडक भाकरीच्या चळती, त्याच्यावरचे रुसवे, ते सगळं या तुकड्याच्या हलण्यावर टांगलेलं आहे, एवढं तो पाहत होता आणि त्याच्या अंगावर काटा येत होता. देवळात त्याला असं कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून निघताना तो नळीला हात जोडायचा. आधी चोरून, मग उघड. एकदा बाळाबाईंनी पाहिलं. त्यांनी नळीच्या आतली नळी काढून धुवायला घेतली होती. या नळीत दुसरी एक नळी असते, ती दिवसातून चारदा काढून उकळायची, हे याला आता ठाऊक झालं होतं.

‘तिला कशाला हात जोडताय?’ त्या म्हणाल्या. ‘धातू हाय तो.’

‘चांदी हाय म्हणत्यात.’

‘असंल. आत ऱ्हायली की चांदीबी घाण धरती. बघा की.’ त्यांनी ट्रे पुढे केला. त्याने पाहिलं नाही. दुसऱ्या कुणाच्या देवाची निंदा ऐकल्यासारखा तो खिडकीच्या काळ्या कापडाकडे पाहत राहिला.

भीती होती ती ही. नळी काढली आणि तुकडा हललाच नाही तर? तिच्या जुन्या वाटेने, नाकातोंडातून, हवा गेलीच नाही तर? ती वाट एकदा बंद झालेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. जी चावी फिरवून लाइन चालू झाली आहे तिला हात लावायचा नसतो, हे त्याच्या धंद्यातलं शहाणपण. सोमवारपर्यंत तुकडा हलत राहील, एवढं नक्की होतं. सोमवारनंतरचं सोमवारी.

त्या दिवशी घरी गेला तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर दिनदर्शिका होती. निंगव्वा रोज सकाळी चुलीपाशी जायच्या आधी तिच्यापुढे उभी राहायची. तो पाणी प्यायला, तांब्या पालथा घातला, दिनदर्शिकेसमोरून दोनदा गेला. एकदाही मान वर केली नाही. बघायचं काय त्यात, तिने पापणी मिटली ना, असं त्याने स्वतःला सांगितलं. ज्याला खात्री असते तो असं सांगत बसत नाही, हेही त्याच्या मनात आलं, आणि ते त्याने तिथेच सोडून दिलं.

शुक्रवार सुरळीत गेला. शनिवारीही तुकडा हलत होता. शनिवारी तर बाळाबाईंनी दातांच्या फटीतून चमच्याने पातळ पेज भरवली आणि तिने सात चमचे घेतले. शिवपुत्र खुशीत आला. अमावस्या पचली, असं तो बाकावरच्या लोकांना सांगत सुटला. मैंदर्गीहून आलेल्या एका म्हातारीला तर त्याने नळीची सगळी रचना समजावून दिली, जसा काही तोच ती बनवणारा. म्हातारीने तोंडावर पदर धरून ऐकलं. ‘नाक नसताना जीव राहतो म्हण की,’ ती कानडीत म्हणाली. ‘राहतो की,’ हा म्हणाला, आणि त्या दोघांनी मिळून त्या गोष्टीचं थोडा वेळ नवल केलं.

रविवारी दुपारी आवाज बदलला. बाकीच्यांना कळला नसता. याला दाराशीच कळला. सरळ वाहणाऱ्या लाइनीत कुठे काही अडलं की पाणी एक वेगळं बोलतं, तसं. तो आत गेला. तुकडा हलत होता, पण घाईने, उथळ, आणि त्याच्यावर पिवळट डाग होता. तिच्या कपाळाला हात लावला तर कपाळ तव्यासारखं. बाळाबाईंची सुट्टी होती. दुसऱ्या सिस्टरने पायाने दाबायचं ओढयंत्र आणलं आणि नळीतून एक बारीक रबरी नळी आत घातली. फसक-फसक आवाजाबरोबर बाटलीत हिरवट दाट काहीतरी पडायला लागलं. निंगव्वाचे डोळे उघडे होते. ओढताना तिचा श्वास तेवढ्यापुरता बंद व्हायचा आणि ते डोळे मोठे व्हायचे. डोळ्यांच्या कडेने पाणी कानात जात होतं. त्याने ते पुसलं नाही. आपला हात तिथे लावायचा हक्क गेला आहे, असं काहीतरी त्याला वाटलं.

सोमवारी सकाळी डॉक्टर पुण्याहून थेट आले, बॅग हातातच. छातीला स्टेथोस्कोप लावून त्यांनी बराच वेळ ऐकलं. बाळाबाईंनी आतली नळी काढून ट्रेमध्ये ठेवली, आणि या वेळी शिवपुत्रने पाहिलं. चांदीच्या आतल्या अंगाला सगळीकडून बुळबुळीत हिरवा थर धरला होता. मधे उरली होती काडी जाईल एवढी वाट. आणि त्याला सिद्धाप्पा आठवला.

सिद्धाप्पा त्याचा पहिला मुकादम. पंचवीस वर्षांच्या शिवपुत्रला त्याने हाताखाली घेतलं तेव्हाची गोष्ट. एका जुन्या घराला पाणी चढत नाही म्हणून रस्ता खणला, पाइप कापला आणि सिद्धाप्पाने तो तुकडा याच्या हातात दिला. ‘आत बोट घाल,’ म्हणाला. बाहेरून मनगटाएवढा पाइप, आत बोट जाईना. गंजाच्या गाठी आणि त्यांच्यावर शेवाळासारखं गिळगिळीत काही. शिवपुत्रने शहारून बोट काढलं. ‘पाणी तर सोच्छ येतंय की ओ यातनं,’ तो म्हणाला. सिद्धाप्पा हसला. ‘पाणी जातंय निघून. पर कायतरी मागं ठिवून जातंय, आणि ते तितंच वाडतंय. नवा पाइप टाकला त्या दिसापास्नं वाडतंय.’ हे शिवपुत्रला ठाऊक होतं. डॉक्टरला पुस्तकातून ठाऊक होतं, बाळाबाईंना ट्रेमधून ठाऊक होतं, आणि याला स्वतःच्या बोटातून ठाऊक होतं. अठरा वर्षं तो दुसऱ्यांना हेच सांगत आला होता. आणि तरी पंधरा दिवस त्या नळीकडे बघताना ती नळी आहे हेच तो विसरला होता.

‘न्यूमोनिया झालाय,’ डॉक्टर म्हणाले. ‘आता नळी काढता येणार नाही. छाती साफ करायला ती लागणार. उद्यापरवाचंही आज सांगत नाही.’ ते रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. बाळाबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. ‘सोमवार, एकोणिसावा दिस. हिचं आज काय काम?’ त्यांनीच विचारलं आणि त्यांनीच उत्तर दिलं, ‘आज हाय काम.’ एवढंच. अमावस्येचा शब्द कुणी काढला नाही.

मग जे दिवस आले ते त्याला सलग आठवत नाहीत. पहाटे तो चावी घेऊन निघे, झाकणं उचले, चावी फिरवी, आणि दर झाकणाखाली पाण्याचा आवाज ऐकताना त्याला तिची छाती ऐकू येई. दवाखान्यात इंजेक्शनं, ओढयंत्र, बर्फाच्या पट्ट्या. एकदा तिचे ओठ निळे झाले. तो तिच्या खाटेशी बसून मनात म्हणे, मी सांगतो, आत्ता बाळाबाई आल्या की सांगतो, अमावस्येचं नव्हतं, मला भ्या वाटलं म्हणून मी तोंडाला आलं ते बोललो. बाळाबाई येत. तो तोंड उघडे आणि म्हणे, ‘ताप किती?’ पण अमावस्या होतीच ना, असंही लगेच मनात येई. तिने पापणी मिटली होती. मी भ्यालो हे खरं, पण खोटं तर बोललो नाही. या एका पापणीवर तो रात्रीचा झोपत होता. आता तो नळीला हात जोडत नव्हता. पण तिच्याकडे पाहून शिव्याही देऊ शकत नव्हता, कारण तुकडा अजून तिच्याच तोंडावर हलत होता. जिने तारलं तीच मारायला निघाली होती आणि तिच्यातूनच पुन्हा औषधाची वाट जात होती. हे एवढं मोठं होतं की त्याच्या डोक्यात ते मावत नव्हतं. तो नुसता बघत बसे.

चोविसाव्या दिवशी ताप उतरला. पंचविसाव्या दिवशी बाटलीत आलं ते पांढरं, पातळ, थोडंसं. जबडाही सुटला होता, दोन बोटं आत जातील एवढा.

सव्विसाव्या दिवशी सकाळी डॉक्टर खाटेपाशी आले. बाळाबाईंनी पट्टीवर बोट ठेवलं. ती पट्टी आता कडांनी काळी पडली होती. ‘सोमवार. सव्विसावा दिस. हिचं आज काय काम?’

डॉक्टरने शिवपुत्रकडे पाहिलं. बाळाबाईंनीही.

‘काय न्हाई,’ तो म्हणाला. ‘काय काम न्हाई तिचं.’

गळ्याभोवतीचे बंद सोडले. नळी निघाली ती अगदी सहज, म्यानातून सुरी निघावी तशी. आणि तिच्या गळ्यात बोराएवढं भोक उरलं. बाळाबाईंनी त्याच्यावर गॉजची घडी दाबली. क्षणभर काही झालं नाही. छाती हलली नाही, घडी हलली नाही, खोलीत कुणी हललं नाही. शिवपुत्रला पेठेतलं शेवटचं झाकण आठवलं, चावी फिरवून झाल्यावर पाणी पोचेपर्यंतचा तो वेळ, ज्यात खाली नुसतं काळं असतं. मग निंगव्वाच्या नाकपुड्या फुलल्या. आधी थोड्या. मग पुष्कळ. तिच्या तोंडातून ‘हं’ असा उसासा बाहेर पडला, आवाजासकट. पंचवीस दिवस ज्या वाटेने कुणी गेलं नव्हतं, त्या वाटेने तिचा श्वास काही विचारपूस न करता, रोजचाच असल्यासारखा, चालू झाला. शिवपुत्रला रडू आलं. ते त्याने आवरलंही नाही.

डॉक्टरने घडीवर बोट दाबलं. ‘बोला,’ ते हसून म्हणाले. ‘काहीही बोला. बघू द्या आवाज.’

तिने ओठ ओले केले. डॉक्टरकडे पाहिलं, बाळाबाईंकडे पाहिलं, आणि मग ती शिवपुत्रकडे बघून कानडीत बोलली. घरात त्यांचं कानडीच. पण या खोलीत ते बाकी कुणाला येत नाही, हे सव्वीस दिवस ऐकून तिला चांगलं ठाऊक झालं होतं.

‘तुम्ही बोललात त्याच्या आदल्या दिवशीच अमावस्या झाली होती,’ ती म्हणाली. आवाज घोगरा, दुसऱ्याच कुणा बाईचा. ‘बुधवारी. पौर्णिमेला आणलंत मला. रोज ह्या बाई वार सांगायच्या, दिवस सांगायच्या. मी मोजत होते.’

‘मग पापणी का मिटलीस?’ त्याने कानडीतच विचारलं. त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही.

तिने नाकाने एक श्वास घेतला, सोडला. अजून तिला त्याचं अप्रूप वाटत होतं हे दिसत होतं.

‘चारचौघांत तुम्हाला खोटं पाडू?’ ती म्हणाली.

तिच्या स्वरात रुसवा नव्हता. मिठाच्या खड्यासाठी चढवते तो आवाजही नव्हता. घागरीखालचं कडं उचलून तुळशीमागे ठेवावं तशी ती बोलली होती. या बाईला तिथी ठाऊक होती. नळी आणखी चार दिवस म्हणजे काय, हे डॉक्टर तिच्या उशाशीच उभे राहून बोलले होते. नवरा भ्यालाय हेही तिला दिसलं होतं. हे सगळं ठाऊक असताना, लाकूड होऊन पडलेल्या अंगात हलण्यासारखी एकच पापणी उरली होती, आणि ती तिने त्याची लाज राखायला मिटली होती. आणि आता बोलता आलं, तर पहिल्यांदा कानडी निवडली, तीही त्याचीच लाज राखायला. शिवपुत्रने तिच्याकडे पाहिलं. नळीकडे पाहताना झालं होतं त्याहून काही मोठं त्याच्या अंगावरून गेलं. आणि ही राखलेली लाज त्याला सहन होईना.

‘काय म्हंती ओ?’ बाळाबाईंनी विचारलं. त्यांच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये नळी. ‘सांगा की आमाला बी. पयला शब्द हाय तिचा.’

निंगव्वाने त्याच्याकडे पाहून पापणी दोनदा मिटली. नाही.

डॉक्टर अजून हसत होते. खाटेच्या गजावर ती काळी पडलेली पट्टी होती. शिवपुत्रने पुढे होऊन ती नखाने उकलली, मुठीत धरली, आणि तो मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, ‘त्या दिवशी अमावस्या नव्हतीच, म्हणती. आणि ते खरं हाय. मी भ्यालो होतो, सिस्टर.’